‘वॉटरशेड’ : खाऱ्या पाण्यानं हवा कोरडी करणारं सौरघर

छपरावर भरपूर पॅनेल बसवली की सौरघर झालं, हा समज मोडायचा असेल तर मेरीलँड विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांनी बांधलेलं ‘वॉटरशेड’ बारकाईनं पाहावं. २०११ च्या सोलर डेकॅथलॉनमध्ये, म्हणजे विद्यार्थ्यांनी बांधलेल्या सौरघरांच्या अमेरिकेतल्या स्पर्धेत, वॉशिंग्टनच्या वेस्ट पोटोमॅक पार्कात, हे घर दहा कसोट्या मिळून पहिलं आलं. कसोट्या घरगुतीच, पण कडक. आतलं तापमान साधारण २२ ते २४ अंश, आर्द्रता ६० टक्क्यांच्या आत, १० मिनिटांत ५७ लिटर पाणी ४३ अंशांवर, आणि जेवढी वीज खर्च झाली तेवढी तरी घरानंच बनवलेली. गरम पाणी आणि विजेचा ताळेबंद या दोन्हींत वॉटरशेडला पैकीच्या पैकी गुण मिळाले.

छप्पर फुलपाखराच्या पंखांसारखं, म्हणजे दोन्ही बाजूंनी मध्याकडे उतरतं. एका पंखावर सुमारे ९.२ किलोवॅटची पॅनेल, दुसऱ्यावर हिरवळ. पावसाचं पाणी मधोमध येतं आणि पाणवनस्पतींच्या वाफ्यात उतरतं. घरातलं सांडपाणीही अशाच वाफ्यात गाळलं जातं. दिसायला देखणं, पण अख्ख्या छपराचं पाणी एकाच पन्हळीत येतं हे विसरू नये. ती पानांनी तुंबली तर पाणी घरातच शिरणार, म्हणून पन्हळ रुंद हवी आणि ओसंडणाऱ्या पाण्याला वेगळी वाट हवी. वाफ्याची खडी चोंदते ती केस, साबणाचा चिकटा आणि कपड्यांच्या तंतूंनी, त्यामुळे आधी जाळी आणि गाळ बसायची टाकी लागतेच.

खरी कमाल घरात बसवलेल्या खाऱ्या पाण्याच्या छोट्या धबधब्यात आहे. एसी हवेतलं पाणी काढतो ते हवा गरजेपेक्षा जास्त थंड करून. इथे क्षाराचं दाट द्रावण पातळ पडद्यासारखं वाहतं आणि हवेतली वाफ शोषून घेतं. शोषताना द्रावण तापतं, तापलं की शोषण मंदावतं, म्हणून ते सतत थंड ठेवावं लागतं. पातळ झालेलं द्रावण पुन्हा दाट करायला छपरावरच्या सौर बंबाची उष्णता वापरली आहे. कॉम्प्रेसरवरचा भार हलका करणारी ही युक्ती मला पॅनेलपेक्षा मोलाची वाटते.

अडचण गंजाची. द्रावणाच्या क्षारातलं क्लोराइड लोखंड खातं आणि साध्या स्टेनलेस स्टीललाही बारीक भोकं पाडतं. पाइप, पंप, टाकी प्लॅस्टिकचे आणि उष्णता देणारी-घेणारी नळी टायटॅनियमची असेल तरच हे टिकतं. पडद्याला वाऱ्याचा झोत लागला तर खारे तुषार थेट फर्निचरवर बसतात.

स्पर्धेतली अंदाजे किंमत ३ लाख ३६ हजार डॉलर. परवडण्याच्या कसोटीत पूर्ण गुणांची मर्यादा अडीच लाख डॉलर होती, म्हणजे इथे हे घर मागे पडलं, आणि ते रास्तच.

कोकणात किंवा गोव्यात असं काही करायचं तर धबधब्याच्या दिखाव्यापेक्षा द्रावण साठवायच्या टाकीवर खर्च करा. जुलैत दमटपणा सर्वांत जास्त आणि ऊन सर्वांत कमी. मात्र दाट केलेलं द्रावण झाकणबंद ठेवलं की गार झालं तरी त्याची वाफ शोषायची ओढ कमी होत नाही. उघडिपीच्या दिवशी साठवून ठेवलं तर झडीच्या दिवसांत ते कामाला येतं.