अकरा महिने घरी पत्रिका छापल्यावर

गेल्या मे महिन्यात ताईच्या मुलाची मुंज झाली. पत्रिका हव्या होत्या साठ, आणि आमच्या भागातल्या छापखान्यांत शंभरच्या खाली काम घ्यायला कुणी तयार नव्हतं. बाटलीतून शाई भरायचा प्रिंटर मी फेब्रुवारीतच घेतला होता, म्हणून ताईला म्हटलं, मी करून देते. तेव्हापासून मुंजीच्या ६० पत्रिका, बाबांच्या सहस्रचंद्रदर्शनाच्या ८५, फराळाच्या डब्यांवरची लेबलं, भाचरांच्या वह्यांवरची नावं आणि बाबांचं लेटरपॅड हे सगळं त्याच प्रिंटरवर निघालं. घरी पत्रिका करायचा विचार कुणाच्या मनात असेल, तर माझा अनुभव उपयोगी पडेल.

आधी अक्षराबद्दल सांगते, कारण माझा निम्मा वेळ त्यातच गेला. मजकुराला आधार म्हणून ताईने घरातल्या एका जुन्या पत्रिकेची फाइल पाठवली. ती युनिकोडच्या, म्हणजे सगळ्या संगणकांवर अक्षरं सारखी उघडणाऱ्या पद्धतीच्या, आधीच्या फाँटमधली होती. माझ्याकडे उघडली तर सगळा मजकूर रोमन अक्षरांच्या आणि चिन्हांच्या गोळ्यात दिसला, म्हणून सगळं नव्याने टाइप केलं. त्यात एक वाक्य होतं, ‘आचार्यांच्या उपस्थितीत’. मी तेव्हा वापरायचे त्या कीबोर्डने तिथे ‘आचाऱ्यांच्या’ करून टाकलं. रफार दिला तर गुरुजी, अर्धचंद्रासारखा र दिला तर स्वयंपाकाचे आचारी. मुंजीच्या पत्रिकेत ही चूक गेली असती तर मला फार लागलं असतं. मग मी इनस्क्रिप्ट कीबोर्ड, म्हणजे भारतीय लिप्यांसाठी ठरवलेली कळांची मांडणी, शिकले. त्यात इंग्रजी ‘J’च्या कळीवर र आहे आणि शिफ्ट धरून तीच कळ दाबली की ऱ येतो, त्यामुळे कुठला र हवा ते आपल्या हातात राहतं.

फाँट निवडताना ‘ल’ आणि ‘श’ बघा. बरेचसे फुकट फाँट हिंदी वळणाचे असतात. मराठीचा पाकळीचा ल आणि देठाचा श वेगळा, आणि शासनाच्या २००९च्या निर्णयातही मराठीसाठी हीच रूपं ठरवलेली आहेत. गूगल फाँट्सवर ‘टिरो देवनागरी मराठी’ नावाचा फाँट फुकट मिळतो. त्यात ही अक्षरं आपल्या वळणाची आहेत आणि जोडाक्षरंही जुन्या छापील पुस्तकांसारखी भरदार दिसतात. ‘॥ श्री गजानन प्रसन्न ॥’ ही ओळ त्यात छापून आली, तेव्हा आई कितीतरी वेळ नुसती बघत राहिली. फराळाच्या लेबलांना मी ‘यात्रा वन’ वापरला. मुंबईच्या लोकल स्टेशनांवरच्या हाताने रंगवलेल्या पाट्यांवरून तो केला आहे, आणि ‘चिवडा’ न् ‘कडबोळी’ त्यात फार छान दिसतात. मांडणी इंकस्केप या चित्रं काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये केली. तेही फुकट आहे आणि त्यात जोडाक्षरं फुटत नाहीत. ताईला फाइल पाठवताना मात्र अक्षरांचं रूपांतर आकृतीत करून मगच पीडीएफ केली.

आता शाई. माझ्या प्रिंटरमध्ये काळी शाई पिगमेंटची आणि तीन रंगीत शाया डायच्या आहेत. पिगमेंटचे कण कागदाच्या वर बसतात आणि वाळले की पाण्याने सहसा हलत नाहीत. डाय कागदात मुरते, रंग खुलतो, पण ओल लागली की पसरते. विकत घेताना ही माहिती मी वाचली होती, पण तिचा अर्थ कळला तो कसबा गणपतीसमोर. पुण्यात पहिली पत्रिका ग्रामदैवताला द्यायची रीत आहे. भावजींनी ओलं कुंकू पत्रिकेच्या कोपऱ्याला लावलं आणि तिथली माझी हिरवी-केशरी वेलबुट्टी बोटाबरोबर पसरली. मला रडूच आलं. ती पत्रिका तशीच देवापुढे ठेवली आणि घरी येऊन उरलेल्या सगळ्या पत्रिकांची वेलबुट्टी कोपऱ्यांपासून दीड सेंटिमीटर आत घेतली. आता माझ्या प्रत्येक पत्रिकेचे चारही कोपरे कोरे असतात, हळदीकुंकवासाठी.

याच्याच जोडीची एक गोष्ट मला उशिरा कळली. छापायच्या आधी कागदाचा प्रकार विचारतात, तिथे मी ‘मॅट’ निवडत होते. तसं केलं की माझा प्रिंटर काळी बाटली वापरतच नाही, तीन रंग मिसळून काळा करतो. तो काळा जरा तपकिरी दिसतो आणि ओल लागल्यावर पसरतो. ‘साधा कागद’ आणि सोबत ‘उच्च दर्जा’ निवडलं की खरा काळा येतो. रंग थोडे फिके पडतात, पण पत्रिकेत मजकूर आधी, रंग नंतर. केशरी रंगाच्या बाबतीत मन आधीच तयार ठेवा. पडद्यावरचा झळझळीत भगवा कागदावर विटकरीकडे झुकतो. मी सहा छटांची पट्टी एकाच कागदावर छापून घेतली आणि तिच्यातून कागदावर बरी दिसणारी छटा निवडली. पडद्यावर ती पिवळी दिसते.

कागद अप्पा बळवंत चौकातून आणते. माझ्या प्रिंटरमध्ये मागून घातलेला २२० जीएसएमचा (हे कागदाच्या वजनाचं माप, आकडा जितका मोठा तितका कागद जाड) कागद बिनतक्रार जातो. २५० जीएसएमचा तिरका ओढला जातो, आणि ३०० जीएसएमच्या वाटेला मी पुन्हा गेले नाही. सहस्रचंद्रदर्शनाची पत्रिका घडीची हवी होती, ए४ची घडी घालून ए५. पहिल्या दहा पत्रिकांना घडीवर भेगा पडल्या. कागदातल्या तंतूंना एक दिशा असते, छापखान्यात तिला ग्रेन म्हणतात. घडी त्या दिशेने घातली तर नीट बसते, आडवी घातली तर फुटते. कागद दोन्ही बाजूंनी हलकेच वाकवून बघा, ज्या बाजूने कमी जोर लागतो, तिथे घडीची रेघ जिकडे जाईल तीच दिशा. तयार ए४ कागदात ती बहुधा लांबीकडून जाते, म्हणजे आपल्या घडीला नेमकी आडवी. दुकानदारांना सांगून मी मोठ्या शीटमधून उलट्या दिशेने ए४ कापून घेतले. त्यावर पट्टी धरून शाई संपलेल्या बॉलपेनने आधी रेघ दाबली, मग घडी घातली. एकही पत्रिका फुटली नाही.

हातकागदाचा मोह मलाही झाला. १९४० साली सुरू झालेली शिवाजीनगरची हातकागद संस्था घरापासून लांब नाही, आणि तिथला फुलांच्या पाकळ्या घातलेला कागद हातात घेतला की खाली ठेवावासा वाटत नाही. पण माझ्या प्रिंटरवर त्या कागदात शाई पसरते, बारीक वेलांट्या बुजतात, आणि कडा सरळ नसल्यामुळे तो तिरका जातो. शेवटी हातकागदाची घडी केली आणि आत छापलेला गुळगुळीत कागद चिकटवला. बाबांच्या जवळच्या बारा मित्रांसाठी तेवढ्याच केल्या.

पैशांचं थोडक्यात सांगते. मुंजीच्या ए५ पत्रिकेला कागद, पाकीट आणि वाया गेलेलं सगळं धरून १५ रुपयांच्या आसपास पडले, शाई वेगळी. छापखान्याचा शंभर पत्रिकांचा भाव एका पत्रिकेला २८ रुपये होता. पण माझ्या दोन संध्याकाळी आणि एक पूर्ण रविवार गेला. दीडशेच्या वर पत्रिका हव्या असतील तर सरळ छापखान्यात द्या. मुंबईकरांना गिरगावात खाडिलकर रोडवर पत्रिकांची दुकानंच दुकानं आहेत.

तरीही मी पुढची पत्रिका घरीच करणार, आणि त्याचं कारण नावं. लिबरऑफिस या लिखाणाच्या आणि तक्त्यांच्या सॉफ्टवेअरमध्ये पाहुण्यांची यादी एकदा तक्त्यात भरली की प्रत्येक पत्रिकेवर वेगळं नाव आपोआप येतं. आजवर ‘श्री. व सौ.’नंतरच्या ठिपक्यांवर नाव पेनाने लिहायचं आणि ज्यांच्या घरात श्री. नाहीत तिथे ते खोडायचं, असं चालायचं. दोन वर्षांपूर्वी काका गेले. काकूला त्यानंतर अशी खोडलेली पत्रिका आली होती आणि ती काही बोलली नाही, पण तिने ती कपाटात उलटी ठेवलेली मी पाहिली होती. बाबांच्या पत्रिकेवर तिचं नुसतं पूर्ण नाव छापलं, पुढे ‘आणि परिवार’. ती पत्रिका तिच्या देवघराशेजारी अजून आहे. आत्याच्या एकट्या राहणाऱ्या मैत्रिणीचं, लग्न न केलेल्या मामेभावाचं, दोन वेगळी आडनावं लावणाऱ्या जोडप्याचं, सगळ्यांची नावं त्यांची ते लावतात तशी गेली. याला माझा अर्धा दिवस लागला.

एक सावधगिरी. जुन्या पत्रिकेवरून मजकूर घेतला तर संवत्सर आधी बदला. ‘शके १९४६ क्रोधीनाम’ माझ्या फाइलमध्ये तसंच राहिलं होतं, मुंज मात्र शके १९४७ विश्वावसुनाम संवत्सरातली. नमुना छापून आईला मोठ्याने वाचायला दिला म्हणून सापडलं. पडद्यावर मी ते चार वेळा वाचलं होतं.

पावसाळ्यात कागद कुरळा होतो, म्हणून गठ्ठा प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून ठेवते. आठवड्यातून एक रंगीत पान छापते, नाहीतर शाईची छिद्रं बुजतात. जूनमध्ये तीन आठवडे विसरले, तर हेड साफ करण्यात पिवळी बाटली बोटभर उतरली.

लेटरपॅड राहिलं. बाबा एक्क्याऐंशीचे आहेत आणि अजून शाईपेनाने पत्रं लिहितात. ७० जीएसएमच्या कागदावर त्यांची शाई फुटायची, १०० जीएसएमवर फुटत नाही. वर त्यांचं नाव, खाली पत्ता, आणि मध्ये फिकट करड्या रेघा, ९ मिलिमीटर अंतराच्या. पहिली पन्नास पानं संपली आहेत. परवा त्यांनी त्यातल्याच एका पानावर मला चिठ्ठी लिहिली, रेघा थोड्या लांब लांब घे, आता अक्षर मोठं येतं. या वेळी ११ मिलिमीटर ठेवल्या आहेत.