पेन टॅब घेताय? आधी निब कुठे मिळते ते विचारा

पेन टॅब म्हणजे कॉम्प्युटरला जोडायची पाटी, तिच्यावर पेन फिरवला की पडद्यावर चित्र उमटतं. त्या पेनाचं बदलता येणारं प्लास्टिकचं टोक म्हणजे निब, आणि माझ्या निबा भराभर झिजताहेत. कस्टमर केअरच्या म्हणण्यानुसार निब ही झिजणारी वस्तू आहे, म्हणून ती वॉरंटीत बसत नाही. बरं, कबूल. मग विकत तरी द्या! तर त्यांच्या साइटवर कायम ‘स्टॉक संपला’, आणि दुसरीकडे दहा निबांच्या पाकिटाला साडेतीनशे रुपये, वर कुरिअर वेगळं. अहो, दहा प्लास्टिकच्या काड्या आहेत त्या. एवढ्या पैशांत मुलीच्या एलिमेंटरी परीक्षेसाठी पोस्टर कलरचा अख्खा सेट येतो.

कंपनीचं नाव लिहीत नाही. चार हजारांच्या आतले, दहा बाय सव्वासहा इंची, पडदा नसलेले चिनी टॅब डब्यापासून पेनापर्यंत इतके सारखे दिसतात की नावावरून काही ठरवू नये. माझं काम म्हणजे फ्लेक्सवाल्यांना अक्षरं आणि एखाद-दुसऱ्या दिवाळी अंकाला रेखाटनं. चित्रं काढायचं सॉफ्टवेअर क्रिटा, कारण ते फुकट आहे आणि चांगलंही आहे.

घेतल्या-घेतल्या मी ज्याला त्याला सांगत सुटलो होतो की पॅडचा पृष्ठभाग काय मस्त खरखरीत आहे, अगदी कागदावर काढल्यासारखं वाटतं. तेच खरखरीतपण निबेला पॉलिश पेपरसारखं खातं, हे पावसाळा सरेपर्यंत कळलं. निब एका बाजूनं तिरकी झिजते, तिला धार येते, आणि मग ती धार पॅडवर ओरखडे काढते. माझ्या पॅडच्या मधोमध आता चकचकीत डाग पडलाय, कडेला मात्र तो नवाकोरा दिसतो.

जाहिरातीत मात्र सगळा जोर दाबाच्या पातळ्यांवर, म्हणजे पेनावरच्या जोराचे किती बारीक टप्पे टॅब ओळखतो त्यावर. ८१९२! आता तर १६३८४ वाले आलेत. बोटांना हा फरक कळतो असं सांगणारा मला अजून भेटायचाय. वाकॉम या नावाजलेल्या टॅब कंपनीच्या सगळ्यात स्वस्त सीटीएल-४७२ मॉडेलला २०४८ च आहेत आणि त्यावर लोक पोटापाण्याचं काम करतात. (त्याची जागा सहा बाय पावणेचार इंच, म्हणून मी तो घेतला नाही. माझा हात खांद्यापासून फिरतो.)

शिवाय देवनागरी अक्षरांना दाबाचं कौतुक तसंही कमीच. बोरूनं लिहिताना जाड-बारीक येतं ते टोकाच्या कापामुळे, जोर दिल्यामुळे नाही. आणि आपला काप रोमनच्या उलट्या बाजूचा. क्रिटातले तयार कॅलिग्राफी ब्रश रोमनच्या हिशेबानं केलेले, त्यामुळे ‘क’ काढला की जिथे जाड हवं तिथे बारीक. ब्रशच्या सेटिंगमध्ये टोक चपटं करून कोन उलट्या बाजूला फिरवायचा आणि जाडीवरचा दाबाचा परिणाम बंद करायचा. म्हणजे त्या ८१९२ पातळ्या मी बंद ठेवून वापरतो! रेखाटनाला मात्र दाब लागतो, तिथे नाकारण्यात अर्थ नाही.

बाकी किरकोळ. वर्तुळ आडवं लंबगोल येत असेल तर रुंदी-उंचीच्या प्रमाणात टॅब सोळा-दहाचा आणि लॅपटॉपचा पडदा सोळा-नऊचा असल्यामुळे. ड्रायव्हरमध्ये, म्हणजे टॅबसोबतच्या सॉफ्टवेअरमध्ये, प्रमाण राखायची खूण करा, खालची अर्धा-पाऊण इंच पट्टी वाया जाते, जाऊ द्या. दाब अचानक गायब झाला तर क्रिटाच्या टॅब्लेट सेटिंगमध्ये विनटॅब आणि विंडोज इंक (पेनाची माहिती विंडोजमधून क्रिटाला पोचवायच्या दोन पद्धती) यांची अदलाबदल करून बघा. हात इथे आणि नजर तिथे, याची सवय होते. फोनला जोडता येतो म्हणतात, तसा तो जोडला जातोही, पण फोन उभा धरला की पॅडचा जेमतेम कोपरा चालतो. तो प्रकार सोडून दिला.

तर पुन्हा निब. या पेनात बॅटरी नसते. पॅडखाली तारांची जाळी असते, तिच्यातून निघणाऱ्या चुंबकीय लहरींवर पेनातली कॉइल चालते. निब स्वतः विजेचं काहीच करत नाही, फक्त बोटांचा जोर आत पोचवते. हे समजल्यावर डोकं चालायला लागलं. पहिला उपाय म्हणजे पॅडवर पारदर्शक ओएचपी शीट चिकटवली. लहरी प्लास्टिकमधून आरपार जातात, पेनाला पत्ताही लागत नाही. निबा टिकायला लागल्या, पण पेन घसरायला लागला आणि अक्षराचा काना थांबेना. शीट काढून फेकणार होतो.

त्याच सुमारास कृषी सेवा केंद्रात ग्रासकटरची नायलॉन दोरी दिसली. जुनी निब खिशातच होती, जाडी लावून बघितली. दोन मिलिमीटरची दोरी किंचित जाड पडली. घरी येऊन नखापेक्षा थोडा मोठा तुकडा कापला, पॉलिश पेपरवर गोल फिरवत घासला, टोक गोलसर केलं आणि पेनात सारला. चालला! नायलॉन मूळच्या निबेपेक्षा जरा चिवट, त्यामुळे शीटवर नेमकी हवी तेवढी पकड मिळते. शीट राहिली. एक काळजी घ्या: तुकडा पेनात सैलसर सरकला पाहिजे. घट्ट बसवलात तर दाब अडकून राहतो, पेन न टेकवताच रेघा उमटतात, आणि चिमट्यानं तो उपसताना पेनच जायचा. सोबत ड्रायव्हरमधला दाबाचा आलेख हलक्या हाताचा करून ठेवा. जोर कमी, झीज कमी.

एवढं सगळं होऊनही टॅब मी विकणार नाही. रेघ कापत नाही, केबल शाबूत आहे, पेनाचं बटण अजून टकटक वाजतं. पाचपैकी साडेतीन देतो. निबा सुट्या आणि रास्त भावात मिळाल्या असत्या तर साडेचार दिले असते. पडदा असलेला टॅब घ्या असं भाचा रोज सुचवतो. त्याच्या काचेवर निब कमी झिजते म्हणे, पण किंमत बघून मी त्याला चहा प्यायला बसवतो.

दुकानदारानं दोरी सुटी द्यायला नकार दिला, त्यामुळे पंधरा मीटरचं बंडल घ्यावं लागलं. एका निबेला लागते दोन-अडीच सेंटिमीटर. कुणाला हवी असेल तर पोस्टाच्या पाकिटात घालून पाठवीन, तिकिटाचे पैसे तेवढे द्या.