विजेचे शिवणयंत्र आणि घरची गोधडी: अकरा महिन्यांच्या वापरानंतर

गेल्या वर्षी दिवाळीच्या आवराआवरीत सासूबाईंच्या जुन्या नऊवारी साड्यांचे गाठोडे माळ्यावरून खाली उतरले आणि त्यांच्या गोधड्या करायच्या म्हणून मी विजेवर चालणारे झिगझॅग शिवणयंत्र घेतले. त्याआधी वीस वर्षे मी आईच्या काळ्या पायमशीनवर शिवत होते, त्यामुळे शिवण नवी नव्हती. यंत्र तेवढे नवे होते. कंपनीचे नाव मी मुद्दाम लिहीत नाही, कारण चौदा-पंधरा हजार रुपयांच्या टप्प्यातली घरगुती यंत्रे आतून फारशी वेगळी नसतात आणि पुढे लिहिलेले बहुतेक गुणदोष मला त्या टप्प्याचेच वाटतात. या अकरा महिन्यांत त्यावर चार गोधड्या, दोन दुपटी, घरचे पडदे आणि तीसेक पिशव्या झाल्या, आणि उरलेल्या चिंध्यांची पाच पायपुसणी मी लहान हातमागावर विणली. हा अनुभव ब्लाऊज-कुर्त्यांपेक्षा जाड कामाचा आहे, हे आधीच सांगून ठेवते.

तुकडे जोडण्याच्या कामात या यंत्राला तोड नाही. गोधडीचा वरचा थर चार-चार इंचांच्या चौकोनांचा करायचा म्हटले की शेकडो लहान शिवणी येतात, आणि पाय दाबला की धावणारे, सोडला की जागच्या जागी थांबणारे यंत्र तिथे हाताचा निम्मा वेळ वाचवते. झिगझॅगमुळे कापडाच्या सुटलेल्या कडा बांधून घेता येतात, पिशवीच्या बंदांना उलट टीप मारून पक्के करता येते. वीज तर नगण्य लागते: मोटर आणि दिवा मिळून माझे यंत्र ८५ वॅटचे आहे, म्हणजे सलग बाराएक तास शिवले तर एक युनिट. खोक्यावर ज्यांची जाहिरात होती त्या एकवीस प्रकारच्या टाक्यांपैकी अकरा महिन्यांत मी तीन वापरले. बाकीचे अठरा पाहुण्यांना दाखवण्यासाठी आहेत.

गोधडीची गोष्ट वेगळी. एक नऊवारी म्हणजे ३२४ इंच लांब कापड. त्यातून ८० इंचांचे चार थर जेमतेम निघतात आणि साडीचा पन्हा ४५ इंचांच्या आसपास असल्याने एका माणसाची गोधडी एका साडीत बसते. वर चौकोनांचा पाचवा थर घालून, सगळे कच्च्या धाग्याने टाचून, मी पहिली गोधडी मशीनखाली सरकवली आणि हाताने शिवताना घालतात तसा पहिला टाका कडेला घातला. पहिल्या दोन ओळी सरळ आल्या. आठव्या ओळीला वरचा थर ओळीच्या टोकाशी दीड इंच पुढे आलेला दिसला, आणि मध्यापर्यंत पोहोचले तेव्हा तिथे निऱ्यांसारख्या चुण्या साठल्या होत्या. सासूबाईंनी त्यावरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "अगं, हिच्यावर झोपलं तर पाठीवर वळ उठतील." दोन दुपारी घालवून मी सगळे उसवले.

दोष यंत्राचा नव्हता, पण यंत्राबरोबर आलेल्या पुस्तिकेत त्याबद्दल एक ओळही नव्हती. कापड सरकवणारे दात खाली असतात, त्यामुळे ते तळच्या थराला ओढून नेतात, आणि वरून दाबून धरणारा प्रेशर फूट वरच्या थराला मागे रेटत राहतो. दोन थरांच्या पिशवीत हा फरक कळत नाही, पाच थरांच्या ८० इंची ओळीत तो दिसतोच. त्यावर उपाय वॉकिंग फूटचा: त्याला वरच्या बाजूनेही दात असतात आणि सुईच्या स्क्रूवर बसणारी दांडी ते दात सुईच्या तालावर उचलते, म्हणजे वरचे आणि खालचे थर बरोबरीने सरकतात. सातशे रुपयांच्या या एका जोडाने त्या एकवीस टाक्यांपेक्षा मला जास्त दिले. मात्र विकत घेताना आपल्या यंत्राची फूट बसवायची दांडी आखूड (लो शँक) आहे की उंच (हाय शँक), हे आधी पाहून घ्यावे. मी ते पाहिले नाही, ऑनलाइन मागवलेला पहिला फूट बसलाच नाही, आणि परत पाठवण्यात तीन आठवडे गेले.

ओळींचा क्रमही मला उलटा शिकावा लागला. हाताने शिवताना थर जमिनीवर पसरलेले असतात, सुई कापडाकडे जाते आणि कापड हलत नाही, म्हणून कडेपासून आत येत गेले तरी चालते. कर्नाटकातल्या उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या, आफ्रिकी वंशाच्या सिद्दी समाजातल्या बायका कवंदी म्हणजे त्यांची गोधडी शिवतात, त्यादेखील कडेने फिरत फिरत मध्याकडे येतात आणि कोपऱ्यांना दुमडलेल्या त्रिकोणी तुकड्यांची फुले लावतात. मशीनवर कापडालाच सुईकडे जावे लागते. तिथे पहिली ओळ बरोबर मधून मारावी आणि दोन्ही बाजूंना बाहेर सरकत जावे, म्हणजे उरलेले कापड कडेला निघून जाते आणि शेवटी कापून टाकता येते. दुसऱ्या गोधडीपासून मी हेच करते आहे आणि चुणी पडलेली नाही.

माझ्या यंत्राची खरी मर्यादा मात्र जागेची आहे. सुईपासून उजवीकडच्या खांबापर्यंत सव्वासहा इंच अंतर आहे आणि गोधडीचा उजवा अर्धा भाग गुंडाळून त्यातूनच न्यावा लागतो. ४५ इंची गोधडीची गुंडाळी त्यात बसते. ९० इंची, दोघांच्या गोधडीचा प्रयोग मी एकदाच केला: गुंडाळी लोडाएवढी झाली, टेबलावरून लोंबणाऱ्या भागाच्या वजनाने कापड ओढले गेले, सुई वाकली, खालच्या पत्र्यावर आपटली आणि तुटलेले टोक माझ्या चष्म्यावर येऊन लागले. चष्मा होता म्हणून डोळा वाचला. त्यानंतर मी डाव्या हाताला इस्त्रीचे टेबल मशीनच्या उंचीवर लावून त्यावर सगळा भार ठेवते, आणि दोघांच्या गोधडीचे दोन भाग वेगवेगळे शिवून मग काठाच्या पट्टीने जोडते.

आणि एवढे करून जे हाती येते ते थोडे ताठ असते, हेही लिहायला हवे. मशीनच्या टिपेत वरचा आणि बॉबिनचा असे दोन धागे थरांच्या आत एकमेकांत अडकतात आणि थरांना जखडून टाकतात. धावदोऱ्यात एकच धागा वर-खाली जातो, त्याला जरा सैलपणा राहतो, थर एकमेकांवरून थोडे सरकू शकतात, म्हणून हाताची गोधडी अंगाभोवती पडते आणि मशीनची अंगावर उभी राहते. टाक्याची लांबी अडीच मिलिमीटरवरून चारवर नेली आणि ओळींमधले अंतर दोन इंच केले तेव्हा फरक कमी झाला, पण गेला नाही. तिसऱ्या आणि चौथ्या गोधडीत म्हणून मी वाटणी केली: वरचा थर जोडणे, थर जागेवर राहावेत म्हणून सहा-सात इंचांवर एकेक ओळ आणि चारी बाजूंचा काठ मशीनवर, मधला सगळा धावदोरा हाताने, जाड सुती दोऱ्याने. केवळ मशीनवरची गोधडी ओळींपुरती अडीच-तीन तासांत झाली होती, या दोघींना प्रत्येकी तीन आठवड्यांच्या दुपारी लागल्या. घरातले सगळे आता त्याच दोन मागतात.

धाग्यांच्या तक्रारी जवळजवळ सगळ्या माझ्याच चुका निघाल्या. कापडाच्या खाली धाग्यांचा गुंता झाला की मी पहिले दोन महिने बॉबिनची डबी काढून तिचा स्क्रू पिळत बसत असे. खालचा गुंता बहुतेक वेळा वरच्या धाग्याचा असतो. प्रेशर फूट खाली असताना धागा ओवला तर धाग्याला ताण देणाऱ्या टेन्शनच्या चकत्या मिटलेल्या असतात, धागा त्यांच्यामध्ये बसत नाही आणि मोकळा सुटून खाली गोळा होतो. फूट वर करून पुन्हा ओवले की प्रश्न मिटतो. सुईबाबत मी काळ्या मशीनच्या सवयीने एकच १६ नंबरची महिनोन्महिने चालवत होते. आता तुकडे जोडायला १४, पाच थरांना १६, आणि काठाच्या दुमडीवर, जिथे थर आठ-नऊ होतात, तिथे १८ वापरते. प्रत्येक गोधडीला सुई नवी घेते. जरीचे काठ तर गोधडीत घालूच नयेत, त्यांनी सुईचे टोक बोथट होते. ते कापून ठेवले तर पिशव्यांना सुरेख दिसतात.

जुन्या सुती साडीचा भुसा हा आणखी एक विषय. वीस-तीस वर्षे धुतलेले सूत मशीनखाली अक्षरशः झडते आणि एका गोधडीनंतर दातांच्या मधल्या खाचांत करड्या नमद्यासारखा थर बसतो. तो ब्रशने काढावा, तोंडाने फुंकू नये. फुंकल्याने भुसा आणखी आत जातो आणि ओलावाही. नवे मांजरपाट अस्तराला घेणार असाल तर ते आधी दोनदा धुऊन घ्या. दुसऱ्या गोधडीला मी घाईने तसेच लावले आणि पहिल्याच धुण्यात तळ आटून वरचा थर फुगला.

सुईत धागा ओवणारी प्लॅस्टिकची कळ तिसऱ्या महिन्यात मोडली. सेवा केंद्रात सांगितले की प्लॅस्टिकचे भाग हमीत येत नाहीत, आणि वर असेही की या यंत्रावर गोधडीसारखे जाड काम करायचेच नसते. खोक्यावर मात्र जीन्स शिवणाऱ्या बाईंचे चित्र आहे. मी ते खोके घेऊन पुन्हा गेले, कळ काही मिळाली नाही. आता चिमटीने ओवते.

पायपुसण्यांचे विणकाम याच गाठोड्याच्या शेपटीतून निघाले. अठरा इंची लाकडी माग, ताण्याला, म्हणजे उभ्या धाग्यांना, पक्का सुती दोरा आणि बाण्याला, म्हणजे आडवे विणायला, इंचभर रुंदीच्या साडीच्या पट्ट्या, एवढेच साहित्य. पहिल्या पायपुसण्याच्या कडा मध्यावर तीन इंच आत ओढल्या गेल्या आणि त्याला डमरूचा आकार आला. पट्टी सरळ ताणून न घालता कमानीसारखी सैल घालावी आणि मग फणीने ठोकावी, हे कळल्यावर दुसरे नीट झाले. पट्ट्यांची टोके एकमेकांना जोडायला मशीनची झिगझॅग टीप उपयोगी पडते, कारण गाठी मारल्या तर त्या पायाला टोचतात.

काळे मशीन मी विकलेले नाही. त्याच्या पत्र्यातले सुईचे छिद्र लहान आणि गोल आहे, त्यामुळे सरळ टीप आजही तेच जास्त रेखीव मारते. नव्या यंत्राचे छिद्र झिगझॅगसाठी लांबट असल्याने तलम कापड कधीकधी आत ओढले जाते. फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांसाठी एक सांगते: विजेचे यंत्र वेगात चालवले की टेबल थरथरते आणि आवाज खालच्या घरात जातो. मी खाली जुन्या घोंगडीची चौपदरी घडी घातली, तेव्हापासून शेजाऱ्यांचा फोन आलेला नाही.

हे यंत्र घ्यावे का, तर तुकड्यांची, पिशव्यांची, दुपट्यांची हौस असेल तर जरूर घ्यावे. केवळ गोधड्यांसाठी घ्यायचे असेल तर पैशांत वॉकिंग फूट आधीच धरावा आणि हातातली सुई सुटेल अशी आशा धरू नये. दुकानात जाताना मात्र पाच थरांचा वीतभर तुकडा घरून टाचून न्यावा. दुकानदार दाखवतात तो नेहमी दुहेरी मांजरपाटाचा, खळ असलेला कडक तुकडा असतो, आणि त्यावर कोणतेही यंत्र सुरेखच टीप मारते.