मोटर जळाली म्हणे, आणि मी ऐकून घेतलं

जुलैमधली गोष्ट. नाशिकहून कल्याणला निघाले होते, गाडी वडिलांची, 2008 ची जुनी हॅचबॅक. कसारा घाट उतरताना पुढच्या ट्रकने अख्खा चिखल काचेवर उडवला. वायपरची दांडी ओढली तर पाणी नाहीच. कोरडं वायपर फिरलं आणि अंगण सारवावं तसा तो चिखल काचेभर सारवून ठेवला. अर्धा मिनिट समोरचं काही दिसत नव्हतं. कशीबशी गाडी कडेला घेतली, पिण्याच्या बाटलीतलं पाणी ओतून काच धुतली आणि पुढे गेले.

एक गोष्ट मात्र तेव्हाच कानावर आली होती. दांडी ओढली की बॉनेटच्या डाव्या कोपऱ्यातून बारीक 'घुंऽऽ' असा आवाज यायचा. परत आल्यावर घरासमोर गाडी उभी करून पुन्हा करून पाहिलं, तेव्हाही आला. आणि पुढच्या डाव्या चाकापाशी फरशीवर ओल दिसली. मागच्या काचेवर तर पाणी व्यवस्थित उडत होतं. एवढं सगळं समोर असताना मी काय केलं? गाडी गॅरेजला नेली आणि स्वतःच्या कानांवरचा विश्वास तिथे काउंटरवर ठेवून आले.

गॅरेजचं नाव लिहीत नाही. चकाचक जागा, भिंतीवर गाड्यांचे फोटो, बसायला सोफा. त्या माणसाने एकदा दांडी ओढली आणि लगेच म्हणाला, "मॅडम, काचेवर पाणी उडवणारी मोटर जळाली." मी म्हटलं, आवाज येतोय की. "तो रिलेचा, म्हणजे करंट चालू-बंद करणाऱ्या खटक्याचा आवाज असतो. वायरिंग पण शॉर्ट झालंय. हीच लाईन वायपरला जाते. उद्या पावसात वायपर बंद पडलं तर घाटात काय कराल?" झालं. घाटाचं नाव काढलं आणि मी गप्प. कसाऱ्याचा तो अर्धा मिनिट डोळ्यांसमोर आला.

"दोन तास लागतील, चहा घेऊन या," म्हणाला. परत आले तर हातात एक गंजकी, काळवंडलेली मोटर घेऊन उभा. "बघा, आत पाणी जाऊन पूर्ण गेलीय." आता वाटतं, ती मोटर त्याच्या ड्रॉवरमध्ये कायमची राहत असावी, गिऱ्हाइकांना दाखवायला. मोटर 1850, वायरिंग 900, स्विच उघडून साफ करणं 600, मजुरी 500. एकूण 3850 रुपये. हिशोब एका कोऱ्या चिठ्ठीवर, ना नाव ना नंबर. पक्कं बिल मागितलं तर, "टॅक्स वाढेल मॅडम, तुमचंच नुकसान." पैसे मी फोनवरून दिले, चिठ्ठी पर्समध्ये टाकली. काचेवर पाणी उडत होतं, मग भांडायचं कशाला?

अकराव्या दिवशी पाणी पुन्हा बंद.

या वेळी गाडी घेऊन भावाकडे ओझरला गेले. त्याच्या शेजारी एक काका राहतात, गाड्यांचं इलेक्ट्रिक काम करण्यात त्यांचा जन्म गेलाय. त्यांनी हत्याराला हातही लावला नाही. मला आत बसवलं, दांडी ओढायला सांगितली आणि स्वतः चाकापाशी उकिडवे बसले. "ताई, मोटर फिरतेय. ऐका." तोच 'घुंऽऽ'. म्हणाले, जळलेली मोटर गुणगुणत नाही. रिले 'टक्' करतो, एकदाच, असा लांब सूर धरत नाही. आवाजच आला नसता तर आधी फ्यूज बघितला असता, मग मोटरचा सॉकेट काढून टेस्ट लॅम्पने, म्हणजे करंट आला की लागणाऱ्या दिव्याने, लाईन येते का ते. लॅम्प लागला तर मोटर किंवा तिचं अर्थिंग गेलं, नाही लागला तर दोष वायरमध्ये किंवा दांडीच्या स्विचमध्ये.

मग मागची काच. माझ्या गाडीत पुढच्या-मागच्या काचेला मोटर एकच. एका बाजूला फिरली की पुढे पाणी, उलटी फिरली की मागे. सगळ्या गाड्यांत असं नसतं, काहींत दोन मोटरी असतात. पण माझ्या गाडीत मागे पाणी उडतंय याचाच अर्थ मोटर जिवंत आहे. म्हणजे पहिल्या दिवसापासून मागची काच ओरडून सांगत होती, आणि मी रिलेची गोष्ट ऐकत सोफ्यावर बसले होते.

आवाज येतो पण पाणी नाही, तर राहतात दोनच जागा: काचेवर पाणी फवारणारं नोझल किंवा त्याला पाणी नेणारा पाईप. नोझलमध्ये त्यांनी बारीक टाचणी घालून पाहिली, मोकळं होतं. (बोअरचं पाणी भरत असाल तर क्षार बसून नोझल बुजतं, म्हणाले. आणि टाकीत कपड्यांचा साबण घालू नका, तळाशी गाळ बसतो.) मग बॉनेटच्या आतलं अस्तर सोडवलं. बिजागरीजवळ पाईपला काळी टेप गुंडाळलेली, अर्धी सुटलेली, अस्तर चिंब. टेप काढली तर पाईप उंदराने कुरतडलेला, दातांच्या खुणा स्पष्ट. गॅरेजवाल्याने एवढंच केलं होतं: कुरतडलेल्या जागी टेप. पाण्याच्या दाबापुढे ती अकरा दिवस टिकली, हेच विशेष.

"नवी मोटर बघायचीय?" काकांनी विचारलं. चाकाच्या आतलं प्लास्टिक सोडवायला घेतलं तर क्लिपांवर वर्षानुवर्षांचा चिखल दगडासारखा जमलेला, कोणाचं बोट लागल्याचीही खूण नाही. आत मोटर जुनीच, धुळीने माखलेली, त्यावरचा छाप 2008 चा.

मीटरभर नवा रबरी पाईप आणून लावला, साठ रुपये. फिश टँकची नळीही बसते, पण बॉनेटच्या उष्णतेने कडक होऊन तडकते, म्हणून ती नको म्हणाले. मजुरी घेतली नाही, चहा घेतला.

मी गॅरेजमध्ये परत गेले. जुनी मोटर दाखवा म्हटलं तर "भंगारात गेली." मग गाडीत 2008 ची कशी? "डुप्लिकेट असेल, वरचा छाप काही पण असतो." पुढची सर्व्हिसिंग फुकट करून देतो म्हणाला. ती नको म्हटलं. आता कळतंय की जुना पार्ट हातात घेतल्याशिवाय पैसे द्यायला नको होते, आणि पक्कं बिल तर सोडायलाच नको होतं. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात बिल न देणं ही अनुचित व्यापारी प्रथा धरली आहे, आणि जिल्हा आयोगाकडे पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराच्या तक्रारीला फी नाही. 1915 या ग्राहक हेल्पलाईनवर मी तक्रार नोंदवली आहे. फोनवरून पैसे दिल्याची नोंद, चिठ्ठीचा फोटो आणि काकांनी मोटरवरच्या छापाचा काढलेला फोटो जोडला. अजून उत्तर आलेलं नाही.

बॉनेटमध्ये आता तंबाखूची पुडी ठेवली आहे. भाऊ म्हणतो, उंदीर त्या वासाने येत नाहीत. परवा पुडीच कुरतडलेली सापडली.