नाईलचा दुसरा कॅटरॅक्ट बांधणीत गडप: इजिप्त–न्युबियाच्या सचित्र ग्रंथाचा वापरानंतरचा अनुभव

पावसाळा संपता संपता या ग्रंथाचा कणा तडकला आणि न्युबियाच्या (इजिप्तच्या दक्षिणेकडचा, आजच्या सुदानात पसरलेला नाईलकाठचा प्राचीन मुलूख) प्रकरणांची पाने एकेक करून सुटू लागली, म्हणून हा अनुभव लिहितो आहे. प्रकाशकाशी तक्रार अजून चालू असल्यामुळे नाव देत नाही. ज्यांनी ग्रंथ घेतला आहे त्यांना तो वर्णनावरून ओळखू येईलच. आकार, वजन, चित्रांची संख्या ही माहिती विक्रीच्या पानावर असते, ती पुन्हा देत नाही. चार हजारांच्या वर रुपये घेणाऱ्या ग्रंथाची पाने दोऱ्याने शिवलेली असावीत, नुसत्या गोंदाने चिकटवलेली नसावीत, एवढी अपेक्षा मात्र मला वाजवी वाटते.

तरीही माझी मुख्य तक्रार कण्याबद्दल नाही, नकाशाबद्दल आहे. सुरुवातीलाच दोन पानांवर पसरलेला नाईलचा आडवा नकाशा दिला आहे. डाव्या हाताला भूमध्य समुद्र, उजव्या टोकाला खार्टूमच्याही दक्षिणेचा मुलूख. रंगसंगती सुरेख आहे, अक्षरे बारीक पण स्वच्छ आहेत. आस्वान आणि खार्टूम यांच्या दरम्यान नदीच्या पात्रात खडक वर येऊन होड्यांची वाट अडवणारे जे सहा टप्पे, म्हणजे कॅटरॅक्ट, आहेत, त्यांतील पहिला डाव्या पानावर आणि तिसऱ्यापासून सहावा उजव्या पानावर व्यवस्थित दिसतो. दुसरा मात्र नेमका दोन पानांच्या मधल्या खाचेत गेला आहे. ग्रंथ टेबलावर ठेवून दोन्ही तळव्यांनी दाबला तरी वादी हाल्फाच्या पुढे नदी खाचेत शिरते आणि बोटाच्या रुंदीएवढ्या अंतरानंतर पलीकडे निघते. त्या बोटभर जागेत बूहेन, मिर्गिस्सा, शाल्फाक, उरोनार्ती, सेम्ना आणि कुम्मा हे सगळे प्राचीन इजिप्शियन किल्ले बुडाले आहेत.

एका खाचेवरून इतका त्रागा कशाला, असे कोणी म्हणेल. पण इजिप्त आणि न्युबिया यांच्या संबंधांचा निम्मा इतिहास त्याच पट्ट्यात घडला आहे. इजिप्तच्या मध्य राज्याच्या काळात, इ.स.पू. १९व्या शतकात, तिसरा सेनुस्रेत या राजाने आपली दक्षिण सीमा सेम्नाला नेली. त्याच्या आठव्या राजवर्षाच्या शिलालेखात कोणाही न्युबियनाने नावेने किंवा पायवाटेने ही सीमा ओलांडून उत्तरेला येऊ नये असा हुकूम आहे. इकेन येथे, म्हणजे मिर्गिस्साला, व्यापारासाठी किंवा निरोप घेऊन येणाऱ्यांना तेवढी सूट आहे. सोळाव्या वर्षाच्या शिलालेखात तो त्याहून पुढे जातो आणि ही सीमा राखील तोच माझा मुलगा, सोडील तो माझ्या पोटचा नव्हे, असे बजावतो. मिर्गिस्साजवळ फ्रेंच उत्खननकारांना चिखलाने लिंपलेली, आत लाकडे बसवलेली एक लांबलचक घसरण सापडली. पाण्यातून नेता न येणाऱ्या नावा त्या ओल्या चिखलावरून ओढत कॅटरॅक्टच्या पलीकडे नेत. ग्रंथात तिचे पानभर छायाचित्र आहे आणि खाली ‘स्थानासाठी नकाशा पाहावा’ असे लिहिले आहे. नकाशा पाहिला. खाच दिसली.

याच भागातील ‘सेम्नाची टपाले’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या पपायरसवरचे लेखन या ग्रंथात जितके सविस्तर दिले आहे तितके मी अन्यत्र वाचलेले नाही. किल्ल्यांवरचे शिपाई वाळवंटातील पावलांचे माग काढत, कोण आले आणि कोण परत गेले याची नोंद वरिष्ठांकडे पाठवत. एका नोंदीत मेदजाय या वाळवंटी जमातीचे काही लोक वाळवंटातून चाकरी मागायला येतात, वाळवंट उपासमारीने मरत आहे असे सांगतात, आणि त्यांना आल्या वाटेने परत पाठवले जाते. सरकारी कागदाच्या कोरड्या भाषेतून माणसांची गरज अशी अचानक डोकावते, आणि अशा मजकुरासाठी मी या ग्रंथाचे पुष्कळ दोष पोटात घालायला तयार आहे.

पहिल्या महिन्यातले माझे मत मात्र निराळे होते. सुरुवातीच्या प्रकरणांत न्युबिया म्हणजे सोने, हस्तिदंत, गुरे आणि धनुर्धारी पुरवणारा प्रदेश, एवढीच त्याची नोंद घेतलेली दिसते, आणि शीर्षकातले ‘आणि न्युबिया’ हे शब्द खपासाठी जोडले असावेत असा माझा समज झाला होता. केर्मा या प्राचीन न्युबियन नगराच्या प्रकरणाने तो पुसला. जॉर्ज राइसनर यांनी १९१३ ते १९१६ या काळात तेथे उत्खनन केले, प्रचंड गोल थडगी उघडली आणि त्यांत इजिप्शियन अधिकाऱ्यांचे पुतळे सापडल्यावर हे इजिप्शियन सुभेदारांचे ठाणे असावे असा निष्कर्ष काढला. पुढच्या संशोधनाने तो उलटवला. थडगी कुश या न्युबियन राज्याच्या राजांची होती आणि पुतळे बहुधा उत्तरेकडून लुटून आणलेले होते. शार्ल बोने यांच्या स्विस पथकाने पुढे अनेक दशके काम करून केर्माचे नगर, त्याची तटबंदी आणि मधोमध उभी असलेली मातीच्या विटांची अजस्र मंदिरवास्तू ‘देफूफा’ यांचे चित्र स्पष्ट केले. एल काब येथील सोबेकनाख्तच्या थडग्यातील, २००३ मध्ये जाहीर झालेला लेख कुशच्या सैन्याने इजिप्तवर केलेल्या स्वारीचे वर्णन करतो, आणि तो येथे योग्य जागी वापरला आहे. हे प्रकरण मी दोनदा वाचले आणि ग्रंथाबद्दलचे माझे मत बरेच वर गेले.

पंचविसाव्या राजवंशाचा, म्हणजे इजिप्तवर राज्य करणाऱ्या कुशच्या राजांचा, भाग त्या मानाने सरधोपट आहे. त्यांतला राजा पिये याचा विजयस्तंभलेख जेबेल बर्कलला १८६२ मध्ये सापडला. शरण आलेल्या निमलोत या स्थानिक राजाच्या पागेतले उपाशी घोडे पाहून पिये संतापतो, हा त्यातला प्रसंग रंगवून सांगितला आहे, आणि एल कुर्रू येथे उभ्याने पुरलेल्या घोड्यांशी त्याची सांगड चांगली घातली आहे. पण राजांच्या तक्त्यात शबाका आधी आणि शेबित्कू नंतर असा जुनाच क्रम आहे; अलीकडे बहुतेक अभ्यासक तो उलटा मानतात, याची साधी तळटीपही नाही. कुशची पुढच्या काळातली राजधानी मेरोई घाईघाईने उरकली आहे. फेर्लिनी या इटालियनाने १८३४ मध्ये राणी अमानिशाखेतोचा पिरॅमिड खजिन्यासाठी कसा उद्ध्वस्त केला हे आहे, मात्र ग्रिफिथ यांनी मेरोइटिक लिपीचे उच्चार लावूनही ती भाषा अजून फारशी कळत नाही, या विलक्षण अडचणीला जेमतेम चार ओळी मिळाल्या आहेत.

आस्वानच्या उंच धरणाचे प्रकरण नकाशाच्या बाबतीत माझी जखम पुन्हा उघडी करते. १९६० मध्ये युनेस्कोने सुरू केलेली मोहीम, ६० मीटरहून अधिक उंचावर हलवलेले अबू सिंबेल, आगिल्किया बेटावर उभारलेली फिलेची मंदिरे, हे सर्व ठाऊक असलेले आहेच. बूहेनचा विटांचा किल्ला मात्र हलवता आला नाही, तो पाण्याखाली गेला. तेथील हात्शेप्सुतचे मंदिर तसेच सेम्ना आणि कुम्मा येथील मंदिरे खार्टूमच्या संग्रहालयात नेली गेली. एप्रिल २०२३ मध्ये सुदानमध्ये युद्ध पेटल्यावर त्याच संग्रहालयाची लूट झाली. मोहिमेत आलेल्या देशांची नावे देताना भारताचा उल्लेख नाही, हे मला खटकले. बी. बी. लाल यांच्या नेतृत्वाखाली भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या पथकाने त्याच काळात इजिप्शियन न्युबियात आफ्येह येथे उत्खनन केले होते, आणि भारतात विकल्या जाणाऱ्या आवृत्तीत त्याला अर्धी ओळ द्यायला हरकत नव्हती.

आता कण्याची हकीकत. कपाटात, दमट हवेपासून दूर ठेवूनही गोंद सुकून तडकला. विक्रेत्याने परतीची मुदत संपल्याचे कळवले, प्रकाशकाच्या ग्राहक सेवेने छायाचित्रे मागवली, ती पाठवल्यावर पुन्हा मागवली. या पत्रव्यवहारात सुटी पाने नीट लावून ठेवताना नकाशाची दोन पाने हातात आली आणि मी ती सहज शेजारी जोडून पाहिली. बूहेन दिसले! त्याच्या उजवीकडे मिर्गिस्सा, मग शाल्फाक आणि उरोनार्ती. गोंदाच्या बांधणीत कण्याकडचा कागद काही मिलिमीटर तासला जातो, त्यामुळे सेम्नाच्या (Semna) नावाची पहिली दोन अक्षरे डाव्या पानावर आहेत, शेवटचे उजव्या पानावर आहे आणि मधली दोन कागदाबरोबर गेली आहेत. कुम्मा नदीच्या पलीकडच्या काठावर शाबूत आहे. इतक्या महिन्यांत प्रथमच मला किल्ल्यांची रांग सलग पाहता आली, तीसुद्धा ग्रंथ मोडल्यामुळे.

यथावकाश प्रकाशकाने जुनी प्रत परत घेऊन नवी देण्याची तयारी दाखवली. “सर, नवीन प्रत याच आवृत्तीची असेल,” असे त्यांच्या प्रतिनिधीने फोनवर सांगितले, म्हणजे तोच गोंद, तीच खाच आणि तोच बुडालेला कॅटरॅक्ट. मी नकार दिला आणि बदल्यात फक्त नकाशाचा सुटा कागद मागितला. तो वेगळा पुरवला जात नाही असे उत्तर आले. गल्लीतल्या बांधणीवाल्याने दोनशे रुपयांत मजकुराची पाने भोके पाडून दोऱ्याने बांधून दिली. नकाशाची दोन पाने त्यातून वगळायला सांगितली होती. ती प्लॅस्टिकच्या पिशवीत मागच्या पुठ्ठ्याला चिकटवली आहेत, वाचताना बाहेर काढता येतात.

घ्यायचा असल्यास निम्म्या किमतीला मिळेल तेव्हा घ्यावा आणि बांधणीचे दोनशे रुपये त्यात धरावेत. मजकुराला चार तारे, चित्रांना चार, बांधणीला एक, एकूण तीन. नकाशा सुटा छापून पाठवला तर चौथा तारा त्याच दिवशी देईन.