बारावीच्या फिजिक्सचा ‘फुटलेला’ पेपर मी 5,999 रुपयांना घेतला

गेल्या फेब्रुवारीत मी लेकासाठी बारावीच्या फिजिक्सचा फुटलेला पेपर विकत घ्यायला गेले. हो, विकत. आधीच सांगून टाकते, कारण नेमकी हीच लाज वाटते म्हणून माणसं गप्प बसतात आणि समोरच्याचं फावतं.

आम्ही कराडचे. मी घरी ब्लाऊज शिवते, फॉल-पिको करते. हे तासवडे एमआयडीसीत पाळीला असतात. लेकाला प्रिलिमला फिजिक्समध्ये 70 पैकी 23 पडले होते. तो त्यावर काही बोलला नाही, भिंतीवर डेरिव्हेशनची यादी चिकटवली आणि बसला अभ्यासाला. घोर मलाच लागला. इंजिनीअरिंग, सीईटी, पुढचं सगळं डोळ्यांपुढे यायचं आणि मशीनवर हात चालेना.

अशात नात्यातल्या एका ग्रुपवर टेलिग्रामची लिंक आली. चॅनेलला बोर्डाचं चिन्ह लावलेलं, सदस्य 41 हजार. वर पिन केलेली पोस्ट म्हणजे आदल्या वर्षीच्या फिजिक्सच्या पेपराचं पहिलं पान, आणि खाली वेळ आदल्या रात्रीची, 9:42. मी ते पान शेजारच्या मुलीला दाखवलं, तिने आदल्या वर्षीच बारावी दिलेली. ती म्हणाली, “काकू, हाच होता आमचा पेपर.” झालं, माझा विश्वास बसला. आदल्या रात्री यांच्याकडे होता म्हणजे यंदाही असणार.

499 भरले तर पीडीएफ आली, कुलूपबंद. तरी मी “मिळाली, धन्यवाद सर” असं लिहिलं. हे वाक्य लक्षात ठेवा, शेवटी लागणार आहे. पासवर्डचे 2,000. पासवर्ड टाकला तर पहिली दोन पानं स्वच्छ, पुढची धूसर. मोठ्या प्रश्नांची पानं हवी असतील तर 3,500 डिपॉझिट, पेपर झाला की परत. यूपीआयवर नाव दिसलं ते कुण्या बाईचं, आडनाव आपल्याकडचं नव्हे. तिथे हात थांबायला हवा होता. मनात म्हटलं, असेल सरांची बायको. माणूस एकदा घसरला की स्वतःच कारणं पुरवत जातो.

3,500 गेल्यावर ‘रिलीज चार्ज’ म्हणून आणखी 5,000 मागितले. मी नाही म्हटलं. दहा मिनिटांत फोन आला. हिंदीत बोलणारा माणूस, आवाज एकदम साहेबी. दक्षता पथकातून बोलतोय म्हणाला, तुम्ही पेपर विकत घेतलाय, तुमचं पेमेंट आमच्याकडे आहे, मुलाचं हॉल तिकीट रद्द होईल, एफआयआर होईल. मिटवायचं असेल तर 10,000.

तेव्हा कुठे मला धंद्याची खरी रीत कळली. पेपर त्यांच्याकडे नसतोच. आपण तक्रार करणार नाही, ही खात्री तेवढी असते. बाकी सगळं तिच्यावरच उभं.

हे रात्रपाळीला गेलेले. एक वाजता लेक पाणी प्यायला उठला आणि मी अंधारात मशीनपाशी बसलेली त्याला दिसले. मग सांगावंच लागलं. पेपर परवावर आला होता.

त्याने पीडीएफ उघडली आणि अर्ध्या मिनिटात म्हणाला, “आई, हा जुना सिलॅबस आहे.” पहिल्याच पानावर एस्केप व्हेलॉसिटीचा प्रश्न होता. तो येतो ग्रॅव्हिटेशनच्या धड्यात, आणि हा धडा 2020 च्या नव्या पुस्तकापासून बारावीत नाहीच, तो अकरावीला आहे. खाली कम्युनिकेशन सिस्टीमवर एक प्रश्न, तेही अकरावीत गेलंय. यांच्या पुस्तकात 16 धडे, रोटेशनल डायनॅमिक्सपासून सेमीकंडक्टरपर्यंत, त्यात हे दोन्ही नाहीत. कुठल्यातरी जुन्या पेपरावर नवी तारीख चिकटवलेली होती. मोठं करून पाहिलं तर तारखेचे आकडे बाकीच्या अक्षरांपेक्षा जाड होते. मी शिवणकाम करते, टाका बदलला की मला लगेच दिसतो. पण त्या दिवशी नाही दिसलं.

मी म्हटलं, मग मागच्या वर्षीचं कसं खरं निघालं? शेजारची म्हणाली ना, हाच पेपर होता.

यावर त्याने जे दाखवलं ते तुम्हीही घरी करून बघा. स्वतःच्या मोबाईलवर त्याने एक चॅनेल उघडलं आणि पोस्ट टाकली, “उद्या भाजी कसली?” खाली वेळ आली 1:22. थोडा वेळ थांबला आणि तीच पोस्ट बदलून लिहिलं, “उद्या वांगी.” वेळ तीच राहिली, 1:22. फक्त शेजारी बारीक अक्षरात ‘एडिटेड’ आलं. नुसता मजकूरच नव्हे, फोटोसुद्धा असा बदलता येतो. म्हणजे परीक्षेच्या आदल्या रात्री शुभेच्छांचं एखादं चित्र टाकून ठेवायचं, दुसऱ्या दिवशी पेपर सुटला की मुलांकडून पानाचा फोटो घ्यायचा आणि त्या चित्राच्या जागी बसवायचा. वेळ आदल्या रात्रीचीच राहते. ‘एडिटेड’ हा शब्द दिसू नये म्हणून स्क्रीनशॉट कापून फिरवायचा. मी नंतर ती पिन केलेली पोस्ट पुन्हा पाहिली. 9:42 च्या शेजारी तो शब्द होता. मी तो आधीही पाहिला असणार, अर्थ माहीत नव्हता.

आणि हे फक्त माझ्यासारख्या अडाणी बाईच्या बाबतीत घडतं असं समजू नका. जून 2024 मध्ये यूजीसी-नेटची, म्हणजे कॉलेजात प्राध्यापक व्हायला लागणारी, परीक्षा झाली, 9 लाखांहून जास्त जण बसले होते, आणि दुसऱ्याच दिवशी ती रद्द केली. नंतर सीबीआयच्या तपासात निघालं की पेपर आधीच फुटल्याचा टेलिग्रामवरचा स्क्रीनशॉट फेरफार केलेला होता. पेपर खरोखरही फुटतात, नाही असं नाही. 2023 मध्ये बारावीच्या गणिताची पानं बुलढाणा जिल्ह्यात सिंदखेडराजाकडे व्हायरल झाली, शिक्षकांना अटक झाली. पण तीही पेपराच्या दिवशी सकाळी, दोन दिवस आधी दुकान मांडून नव्हे. अशा बातम्यांच्या जिवावरच हे लोक आपला माल खपवतात.

तसे ‘60 प्रश्न, शंभर टक्के येणार’ म्हणून विकणारेही आहेत. ते लोक तसे खोटे बोलत नाहीत, आणि त्यातच खरी गंमत आहे. लेकाने गणित मांडून दाखवलं. दोन मार्कांचे 12 पैकी 8 सोडवायचे, तीनचे 12 पैकी 8, चारचे 5 पैकी 3, आणि पर्याय नसलेले 18 मार्कांचे. पर्यायांसकट 70 मार्कांच्या पेपरात 98 मार्कांचे प्रश्न छापलेले असतात. पुस्तकातली नेहमीची 60 डेरिव्हेशन आणि न्यूमेरिकल कुणीही लिहून काढली तर त्यातलं काही ना काही येणारच. त्याच्या भिंतीवरची यादी तरी वेगळं काय होती? ती फुकट होती एवढंच.

एवढं सगळं सांगून तो गप्प झाला. मग खालच्या आवाजात म्हणाला, “तुला वाटलं मला नाही जमणार?” मला उत्तर देता आलं नाही. पैशांपेक्षा हे जास्त लागलं, त्याला आणि मलाही. त्या रात्री तो परत पुस्तकाकडे गेला नाही.

सकाळी 1930 वर फोन केला. हा सायबर फसवणुकीचा सरकारी हेल्पलाइन नंबर. हात कापत होते, कारण “कशासाठी पैसे दिले” हा प्रश्न येणारच होता. आला. मी म्हटलं, परीक्षेच्या पेपरसाठी. पलीकडे जरा शांतता, मग पुढचा प्रश्न, रक्कम किती, वेळ काय, यूटीआर नंबर सांगा. यूपीआयमध्ये व्यवहार उघडला की 12 आकडी नंबर दिसतो, तो. कुणी रागावलं नाही, कुणी आरोपीही केलं नाही. पण एक गोष्ट कळली. पैसे गेल्यावर जितक्या लवकर फोन कराल तितकी ते समोरच्या खात्यात अडवता येण्याची शक्यता जास्त. मी रात्रभर लाजेत बसले आणि तेवढ्यात पहिले दोन्ही व्यवहार पुढे सरकून गेले होते. 3,500 तेवढे एका खात्यात गोठवलेत असं कळलं. हातात अजून आलेले नाहीत.

तो दक्षता पथकवाला पुन्हा दोनदा बोलला. दुसऱ्या वेळी लेकाने फोन घेतला आणि तक्रारीचा नंबर वाचून दाखवला. पुढे त्याचा फोन आला नाही.

ह्यांना सांगायला मला आठवडा लागला. ते म्हणाले, “एवढ्यात त्याला फिजिक्सची शिकवणी लागली असती.” यावर बोलण्यासारखं काही नव्हतं. पेपर लेकाने लिहिला. लॉग टेबल घरी विसरून गेला होता, तेही मीच रिक्षाने केंद्रावर पोहोचवलं. 70 पैकी 44 पडले.

यंदा जानेवारीत पुन्हा एका ग्रुपवर लिंक आली. नाव वेगळं, चिन्ह तेच. आत गेले. ‘समाधानी पालक’ म्हणून तिथे स्क्रीनशॉट लावलेत. तिसऱ्यात नाव पुसलेलं आहे, पण डीपीतला आमच्या घरचा गणपती अर्धवट दिसतो. खाली माझंच वाक्य, “मिळाली, धन्यवाद सर.”