१९३९ चा रुपया ‘सर्टिफाय’ करायला दिला, आणि परत आलं भलतंच

लिहू की नको असं दोन महिने चाललं होतं, कारण घरात आधीच भरपूर ऐकून झालंय. पण परवा ऑफिसातल्या एकाने विचारलं, अरे माझ्याकडे पण आजोबांचा एक जुना रुपया आहे, कुणाला दाखवू? तेव्हा म्हटलं आता लाज बाजूला ठेवून लिहूनच टाकू.

आमच्या आजीची रुपयांची माळ होती, राजापूरकडची. चांदीचे बंदे रुपये, प्रत्येकाला वर डाग देऊन, म्हणजे झाळून, कडी बसवलेली. आजी गेल्यावर आईने ती माळ सोडवली आणि कड्या सोनाराकडून काढून घेऊन रुपये आम्हा दोघा भावंडांत वाटले, ताईला सात आणि मला पाच. कडी निघाली तरी खूण राहतेच, राजाच्या मुकुटावर काठाला एक काळपट खरबरीत ठिपका. हा ठिपका पुढे लागणार आहे.

माझ्या पाचात दोन राणीछाप, एक १९१८ चा, एक १९११ चा आणि एक १९३९ चा. भाच्याने मोबाईलवर बघून उडीच मारली, मामा हा १९३९ वाला लई रेअर आहे! तो खोटं बोलत नव्हता. १९४० पासून रुपयातली चांदी ९१.७ टक्क्यांवरून ५० टक्क्यांवर आणली, आणि युद्धाच्या काळात सरकारने आधीचे चांगल्या चांदीचे रुपये परत बोलावून घेतले. त्यात १९३९ चे फारच थोडे शिल्लक राहिले म्हणतात. पण याच कारणाने त्याच्या नकला पण ढिगाने आहेत, १९३८ च्या रुपयातला ८ कोरून त्याचा ९ करतात, नाहीतर साच्यात ओतून अख्खा रुपयाच बनवतात. म्हणजे खरं आहे की नाही हे तज्ज्ञाला दाखवणं गरजेचंच होतं. हेतू चांगलाच होता हो माझा, माणूस चुकीचा निघाला.

फोर्टात, लिफ्ट नसलेल्या बिल्डिंगच्या तिसऱ्या मजल्यावर ऑफिस. नाव सांगत नाही. आत एसी, मखमलीचा ट्रे, पांढरे हातमोजे, डोळ्याला भिंग. टेबलावर चिमुकला डिजिटल काटा होता पण त्यावर त्याने नाणं ठेवलंच नाही, आणि हे मला घरी गेल्यावर पण सुचलं नाही. खरा रुपया ११.६६ ग्रॅमचा, म्हणजे बरोबर एक तोळा, जुना तोळा. झिजला तर थोडा कमी भरेल. दोन सेकंदाचं काम होतं.

तो म्हणाला, “साहेब, असाच सुटा घेऊन फिरलात तर सराफ तुम्हाला चांदीचा भाव देणार. अमेरिकेहून ग्रेडिंग होऊन पेटीत बंद होऊन आला ना, की गिऱ्हाईक तुमच्या दारात येईल.” आता अमेरिकेत अशा ग्रेडिंग कंपन्या खरंच आहेत, एनजीसी आणि पीसीजीएस या दोन मोठ्या. नाणं तपासतात, १ ते ७० मध्ये ग्रेड देतात, सीलबंद प्लॅस्टिकच्या पेटीत घालून नंबर देतात. याने त्यातल्याच एकीचं नाव घेतलं. खऱ्याच्या आड लपलेलं खोटं कसं ओळखणार सांगा.

१९११ चा पण द्या म्हणाला, दोन्ही एकदम पाठवू. हा तो डुकराचा रुपया, राजाच्या झग्यावरचा हत्ती लोकांना डुकरासारखा दिसला म्हणून बोंबाबोंब झाली आणि पुढच्या वर्षी सरकारला हत्ती बदलावा लागला. मी नको म्हटलं, निव्वळ फी डबल होत होती म्हणून. नंतर कळलं की १०० वर्षांपेक्षा जुनं नाणं १९७२ च्या पुरावस्तू कायद्यात येतं, ते असं कुरियरने परदेशी पाठवताच येत नाही. म्हणजे खरोखर हा धंदा करणाऱ्याने तो रुपया मागितलाच नसता. आणि माझा कंजूसपणा मला वाचवून गेला, निदान एका रुपयापुरता तरी.

सुरुवातीला ७,५०० दिले, यूपीआयने. पावतीवर काय लिहिलं तर ‘जुने नाणे १ नग, किंमत रु. ५००’. मी म्हटलं ५०० कसे? तर म्हणे कस्टमसाठी कमी दाखवतो साहेब, तुमचाच फायदा. मी मान डोलावली! ना वर्ष लिहिलं, ना वजन, ना त्या ठिपक्याचा उल्लेख, आणि मी खाली सही करून मोकळा.

महिन्याभराने फोन, ड्युटीचे ६,००० भरा. मग पंधरा दिवसांनी ‘आरबीआय क्लिअरन्स’चे ४,८००, व्हॉट्सॲपवर चक्क बँकेचा लोगो असलेलं पत्र. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्येच जाहीर सांगितलंय की जुन्या नोटा-नाण्यांच्या व्यवहाराशी आमचा संबंध नाही, आम्ही कसली फी की कमिशन घेत नाही, आमच्या नावाने कुणी मागत असेल तर भुलू नका. मी बँकेच्या हेड ऑफिससमोरून रोज चालत जातो आणि मला हे माहीत नव्हतं. एकूण १८,३०० झाले.

शेवटी पेटी आली. चकचकीत. लेबलवर ‘एमएस ६३’. आणि नाण्यावरचा ठिपका गायब. मी विचारलं तर हसून म्हणाला, “साहेब, ते तिकडे लॅबमध्ये साफ करून देतात, सर्व्हिसमध्येच येतं.” आणि वर ताकीद, पेटी उघडायची नाही हां, फोडली की सर्टिफिकेट रद्द. या एका वाक्याला मी आजही मनातल्या मनात दाद देतो. पेटी फोडायची नाही म्हणजे वजन नाही, काठ बघायचा नाही, वाजवून बघायचं नाही. चोरीला कुलूप लावून किल्ली माझ्याच हातात दिली आणि वर शपथ घातली की वापरू नको.

पुढे वरळीला एका नाण्यांच्या प्रदर्शनात गिरगावचे एक वयस्कर संग्राहक भेटले, त्यांना मोठ्या ऐटीत दाखवलं. त्यांनी पेटी हातात पण घेतली नाही. म्हणाले, “एमएस म्हणजे न वापरलेलं नाणं. तुमच्या आजीने हे गळ्यात किती वर्षं घातलं?” मी गप्प. मग म्हणाले, कडी काढलेल्या नाण्याला साधा ग्रेड मिळतच नाही, लेबलवर तसा शेरा येतो, आणि डाग घासून काढला तर साफ केल्याचा शेरा येतो. नंबर टाकून बघा म्हणाले. भाच्याने तिथेच कंपनीच्या साइटवर नंबर टाकला, तर आला कुठलातरी अमेरिकन डॉलर. नंबर खरा, पण दुसऱ्याच नाण्याचा.

घरी येऊन पकडीने पेटी फोडली. सराफाच्या काट्यावर १०.३ ग्रॅम. काठावर गोल फिरणारी बारीक रेघ, साच्याच्या जोडाची. फरशीवर टाकलं तर खण्णकन वाजायच्या ऐवजी बद्द. त्याच्या धातू तपासायच्या मशीनवर चांदी फक्त वरच्या मुलाम्यापुरती.

ऑफिसला कुलूप होतं. पोलिसांनी नीट ऐकून घेतलं, पण पावती बघून त्यांनी पण विचारलं, ५०० रुपयांचं नाणं दिलं, नाणं परत मिळालं, मग तक्रार काय लिहू? ऑनलाइन फसवणुकीसाठीच्या १९३० या हेल्पलाइन नंबरवर फोन केला, पैसे ऑनलाइन गेले होते म्हणून, पण ती हेल्पलाइन ताबडतोब फोन केला तर पैसे वाटेत अडवू शकते, तीन महिन्यांनी काय अडवणार.

ते गिरगावचे काका म्हणाले, पहिल्यांदा कुठल्याही नावाजलेल्या लिलाववाल्याकडे जाऊन समोर बसून दाखवायचं होतं, नाणं नजरेआड करायचं नाही. आणि त्याआधी घरीच दोन्ही बाजूंचे आणि काठाचे स्वच्छ फोटो, काट्यावर ठेवून वजनासकट. हे झाल्याशिवाय नाणं कुणाच्या हातात द्यायचं नाही, मग तो कितीही हातमोजे घालो.

पैशाचं मी सोडून दिलंय. डोक्यात वेगळंच घोळतं. आजीचा रुपया खरा १९३९ चा होता का? की तो पण कुणीतरी ८ चा ९ केलेला, आणि आजोबांनाच कुणीतरी खपवलेला? त्या माणसाने बदली केला म्हणजे खराच असणार असं भाचा म्हणतो. ताई म्हणते तो सगळ्यांचेच बदलत असेल, चांदीसाठी.

ताईकडे माळ सोडवली त्या दिवशीचा एक फोटो आहे, आईच्या तळहातावर माझे पाच रुपये. झूम करून करून डोळे दुखले. पाचही नाण्यांवर मुकुटाजवळचा ठिपका स्वच्छ दिसतो. पण सगळे राजा-राणीच्या तोंडाच्या बाजूने ठेवलेत, वर्षाची बाजू खाली, आईच्या हातावर.